एक्केचाळिसावा ओंडका

अंगणात एक्केचाळीस ओंडके होते. मी दोनदा मोजले, दुसऱ्यांदा उलट्या बाजूने. एकाचे चार तुकडे, म्हणजे एकशे चौसष्ट. शेगडीला तासाला एक. जवळजवळ सात दिवसांची ऊब!

"तीन तासांत फडशा पाडते!" मी जाहीर केलं. "आत्या, तू फक्त चहा टाकत राहा."

"विज्ञान शिकलेल्या पोरीने लाकडं फोडायची," आत्या म्हणाली, "आता चहात काय पडतंय ते बघायचं."

घाईला कारण होतं. बाबांची फुप्फुसं त्रेचाळीस दिवस वॉर्डात काढून कालच घरी आली होती. तेवढ्या दिवसांत त्यांच्या शेजारची खाट तीनदा रिकामी झाली, आणि बरं होऊन त्यातलं कोणी गेलं नव्हतं. डॉक्टरांची अट एकच होती. खोली अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये. संध्याकाळी सहाला नर्सताई थर्मामीटर घेऊन येणार. कमी भरलं, तर ताईंच्याच गाडीतून बाबा परत वॉर्डात. शेगडीजवळचं फोडलेलं सरपण दुपारपर्यंतच पुरणारं होतं.

"परत गेलो की चौथा नंबर माझा," बाबा कुजबुजले. त्यांचा आवाज अजून तेवढाच निघायचा.

"अभद्र बोलू नकोस, दादा!" आत्या म्हणाली.

गिरणीवाल्या काकांनी ट्रॅक्टर आणून दिला. मागे ओंडके फोडायचं यंत्र जोडलेलं. ओंडका आडवा ठेवायचा, दांडा ओढायचा, की तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या त्याला पोलादी पाचरीवर रेटतो. कुऱ्हाडीला घाम फोडणारी गाठ बिस्किटासारखी मोडते! ट्रॅक्टर घराकडे येणाऱ्या उतारावर, घराकडे पाठ करून उभा केला. काका काहीतरी सांगत होते. मी सत्ताविसाव्या ओंडक्याचा व्यास घेत होते, म्हणून "हं" म्हटलं. ते पुन्हा काही बोलले. मी पुन्हा "हं". ते गेले.

साडेतीनपर्यंत ढीग संपला. फोडलेले ओंडके चाळीस.

"झालं की!" आत्या म्हणाली. "आण आत. शेगडी विझत आलीये."

"एक्केचाळीस होते."

"मग एक हरवला मेला!"

"वस्तुमान असं नाहीसं होत नाही, आत्या!"

"तुझी अक्कल होते!" असं म्हणून ती बाबांचा चहा घेऊन आत गेली.

यंत्राखाली गेला असेल म्हणून जमिनीवर टेकलेलं यंत्र मी ट्रॅक्टरच्या लिफ्टने वर उचललं. खाली काही नाही. तेवढ्यात खिडकीवर टकटक. शेगडीशेजारच्या खुर्चीतून बाबा ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवत होते. मी वाकून पाहिलं. एक्केचाळिसावा! चाकाखाली पाचरीसारखा बसलेला! बाबांना तिथे बसल्या बसल्या सापडला! मी त्यांना अंगठा दाखवला. ते जोरजोरात मान हलवू लागले. त्यांना एवढ्या उत्साहात मी महिन्यात पाहिलं नव्हतं.

मी घण घेतला. दुसऱ्याच घावाला ओंडका सुटला.

यंत्राचा पंप चालवायला ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवावा लागतो, हे मला माहीत होतं. ओंडक्याखेरीज जमिनीवर टेकलेलं यंत्र हाच त्याचा दुसरा अडसर होता, हे मला तेव्हा कळलं. ट्रॅक्टर सभ्यपणे, माणूस चालतो तेवढ्याच वेगाने घराकडे निघाला. मी ब्रेकवर चढेपर्यंत यंत्र भिंतीतून आत गेलं होतं, आणि भिंतीला लागून शेगडी होती.

"आत्या!"

"धरलंय दादाला!" धुळीतून आवाज आला. "ओढलं वेळेवर! तू आत येऊ नकोस, आहे तेवढं राहू दे!"

काका धावत आले. "अगं, हँडब्रेक धरत नाही म्हणून तुझ्या ढिगातलाच एक ओंडका चाकाला लावला होता! दोनदा बजावलं, हात लावू नकोस म्हणून!"

"मी काय म्हणाले?"

"हं म्हणालीस!"

शेगडी चपटी झाली होती. धुराचा नळ बाबांच्या खुर्चीत आडवा पडला होता. आम्ही भोकाला ताडपत्री ठोकली. वारा तिच्यात श्वास घेत राहिला. काका म्हणाले, माझ्याकडे चला. पण त्यांची खोली गिरणीवर, तिथल्या हवेत पीठ. आत्याने दोन गोधड्या पांघरल्या, तरी बाबा थरथरत होते. माझ्याकडे पाहून ते कुजबुजले, "तुकडे मात्र एकसारखे पाडलेस हो." मग त्यांनी खुणेने पिशवी मागितली आणि टॉवेल स्वतःच घडी करून आत ठेवला.

सहाला नर्सताई आल्या. आधी ताडपत्रीकडे, मग दाराशी रचलेल्या लाकडांकडे त्यांनी पाहिलं.

"एवढं सरपण! छान! मग शेगडी का नाही पेटवली?"

आत्याने ताडपत्रीची सुटलेली कड दाबून धरली. नर्सताईंनी थर्मामीटर बाबांच्या उशाशी टांगला आणि पाच मिनिटं थांबल्या.

नऊ अंश.