राजधानीची तोफ आणि साखराबाईंचा कापूर

सुज्ञ वाचकहो, आमचे मालगड लहान असले तरी जहागिरीची राजधानी आहे. आणि राजधानी कशी दाखवावी हे या धर्मराजाला जितके अवगत आहे, तितके साक्षात जहागीरदार सरकारांसही नसेल! म्हणून माझी भगिनी नंदा हिला पाहण्यास जाफराबादेहून मुलाकडचे सांडूजी व त्यांच्या पत्नी साखराबाई आल्या, तेव्हा प्रेक्षणीय स्थळांचे दर्शन मीच घडविले. मुलगी त्यांस पसंत होती. गाव पसंत नव्हते.

"ही ऐतिहासिक बारव!"

"पाणी कुठंय?" सांडूजी वाकून पाहू लागले.

"हा सरकारांचा महाल!"

"आमचा गोठा याच्याहून थोर हाय!" साखराबाई म्हणाल्या. "राजधानी म्हणं! न्हाई बाजा, न्हाई बाजार. आमच्या लेकाला असली सासुरवाडी? आवो, गाडी जुंपा जल्दी!"

सोयरीक भिजल्या मातीच्या भिंतीप्रमाणे ढासळू लागली! अखेरचा उपाय म्हणून मी त्यांस वेशीच्या बुरुजावर नेले. तेथे आमची तोफ, दसऱ्याचा शेंदूर फासलेली, झेंडूची माळ ल्यालेली, विराजमान होती.

"अगं बाई, देवी हाय व्हय! मंग आधी का न्हाई सांगितलं?" साखराबाईंनी पदराच्या गाठीतून कापूर काढला.

"अहो, ही तर तोफ—"

"गप बसा! देवीम्होरं वाद घालून राह्यले!"

आणि त्यांनी देवीच्या पाठीवरील खळग्यात कापूर पेटविला! नेमक्या त्याच खळग्यात गोलंदाज रखमाजीने, त्या दिवशी गावी परतणाऱ्या सरकारांच्या सलामीसाठी तोफ ठासून, बत्तीची बारूद भरली होती, आणि स्वतः तंबाखू आणावयास गेला होता!

धडाम!

सांडूजींचा फेटा उडून थेट बारवेत गेला! तोफ वाजली म्हणजे सरकार आले, एवढेच राजधानीस ठाऊक. वेशीचे दरवाजे उघडले, सनई-ताशे कडाडले, शिपाई मुजऱ्यास वाकले. धुरातून आम्ही तिघे कोळशासारखे काळे होऊन पायऱ्या उतरलो.

सरकारांस ओवाळण्यास पंचारती घेऊन आलेली आमची द्वारकामावशी थबकली. "धर्मा, तू व्हय रे?"

"ओवाळ मावशे, ओवाळ!" मी पुटपुटलो.

तिने ओवाळले! साखराबाईंचे डोळे भरून आले. "सोयऱ्याचा एवढा मान! आवो, सोयरीक पक्की!"

"काय म्हणली?" सांडूजींचे कान अद्याप वाजत होते.

"पक्की!"

सरकार मागाहून बैलांच्या दमणीत बसून आले. तोफ रिकामी, बाजेवाले दमलेले. कुणी मानही वर केली नाही. विजय मात्र आमचा!

निघताना साखराबाई म्हणाल्या, "बापू, लग्नात वरात वेशीत आली की देवी बराबर अशीच बोलली पायजे. न्हाई तर बैलं तिथूनच माघारी!"

वाचकहो, सरकारांची सलामी हुकल्यामुळे रखमाजी माझे तोंड पाहावयास तयार नव्हता. लग्नात देवी बोलावी म्हणून सांप्रत त्याच्या म्हशी मीच चारतो.