शंभर टक्के भरलेली टाकी

आमच्या गावाच्या पाण्याच्या टाकीला स्वयंचलित नियंत्रणप्रणाली बसवण्यात आली, तेव्हापासून गावात पाणी नाही. ही तक्रार नव्हे, नुसती माहिती आहे. टाकीच्या झाकणात एक यंत्र आहे. ते खाली बघतं, पाणी किती अंतरावर आहे ते मोजतं आणि आकडा अख्ख्या जगाला मोबाईलवर दाखवतं. टाकी रिकामी दिसली की पंप सुरू, भरलेली दिसली की बंद. एवढ्या महागाच्या यंत्राला शेजारच्या गावाची नजर लागू नये, म्हणून पाणीसमितीचे अध्यक्ष चंद्रभानभाऊ यांनी उद्घाटनालाच त्याच्याखाली लिंबू-मिरची बांधली. यंत्राला वीतभर अंतरावर लिंबू दिसलं. त्यालाच पाणी समजून त्याने टाकी शंभर टक्के भरल्याचं जाहीर केलं, आणि पंप कायमचा बंद झाला.

विहीर होती. पण नळ आले म्हणून ती आम्हीच बुजवून वर सभामंडप बांधला होता.

त्यात चंद्रभानभाऊंच्या घरी लेकीचं, काजलचं लग्न आलं. आर्वीहून वऱ्हाड येणार आणि गावात प्यायला पाणी नाही. भाऊंनी वर्ध्याच्या पाणीपुरवठा कार्यालयात फोन लावला.

"मॅडम, टाकीत थेंब नाई."

"तुमची टाकी तर काठोकाठ आहे," पलीकडून मोहिनी मॅडम म्हणाल्या. "भरलेल्या टाकीवर पाणी नसल्याची तक्रार घेता येत नाही. पाणी जास्त झाल्याची घेऊ का?"

"कोणतीबी घ्या बाप्पा, पन मानूस पाठवा. टँकर तं द्या."

"भरलेल्या गावाला टँकर? माझी नोकरी जाईल."

माणूस आला. अनय नावाचे इंजिनिअर होते. त्यांनी आधी पाणी वाया घालवल्याची नोटीस दिली, मग टाकीवर चढले. वायरी बदलल्या. तरी शंभर टक्के. मग लिंबाला धक्का न लावता यंत्रच नवं बसवलं. तेही शंभर टक्के म्हणालं. दोन स्वतंत्र यंत्रांचं एकमत झाल्यामुळे टाकी भरलेली आहे, असा अहवाल त्यांनी तिथेच दिला.

"साहेब, ते लिंबू काहाडा ना," चंद्रभानभाऊ म्हणाले.

"लिंबू आमच्या साहित्यात नाही. जे आम्ही बसवलंच नाही, ते आम्हाला काढता येत नाही. तुम्ही बांधलं, तुम्हीच सोडा."

भाऊ शिडीला हात घालतात तोच त्यांची आई, मनकर्णाबाई, आडवी आली. "नजरेसाठी बांधलेलं लिंबू लगनघरच्या मानसानं सोडत नाई रे. पोरीले काही झालं तं?"

"मंग दुसरं कोनी सोडा," भाऊ आमच्याकडे वळून म्हणाले.

आम्ही सगळे टाकीकडे न बघता घरी गेलो. अहो, आमच्याही घरी पोरी आहेत.

लग्नाच्या दिवशी स्वयंपाकापुरतं पाणी शेतातून बैलगाडीनं आलं आणि तेवढ्यातच संपलं. मुहूर्त गोरज होता, त्याआधी पंगत बसली. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी, सगळं वाढून झालं. ग्लास तेवढे रिकामे. वरपिता कृष्णकांतजी आर्वीच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, शिकलेला माणूस. त्यांनी मोबाईल उघडला.

"शंभर टक्के! अन् आम्हाले पाणी पाजत नाई? आमची एवढीच किंमत? उठ रे रोशन, चला." नवरदेव उठला. मागोमाग अख्खं वऱ्हाड उठलं.

चंद्रभानभाऊंनी व्याह्यांचे पाय धरले. "व्याहीबुवा, एकडाव तुमच्या डोयानं पाहा, मंग जा."

दोघं टाकीवर चढले. मीही मागे गेलो. कृष्णकांतजींनी झाकणातून वाकून पाहिलं. तळ ठणठणीत कोरडा, त्यावर एक पाल निवांत पडलेली. त्यांनी मोबाईल पाहिला. पुन्हा तळ पाहिला. पुन्हा मोबाईल पाहिला, चष्मा पुसला. पोरीचं लग्न त्या झाकणावर येऊन अडलं होतं, मला बघवेना.

खाली उतरून कृष्णकांतजींनी पंगतीसमोर हात वर केला. "बसा सगळे. पाणी आहे. मी वर जाऊन मोबाईलवर पाहून आलो."

वऱ्हाड समाधानानं बसलं आणि सगळ्यांनी रिकामे ग्लास तोंडाला लावले. कोणी गार आहे म्हणालं, कोणी जरा मचूळ लागतं म्हणालं. गोरज मुहूर्तावर लग्न लागलं. मीही दोन ग्लास प्यालो.

तुम्ही हसत असाल. काल रात्री झोप कशी लागली, हे सकाळी मनगटावरच्या घड्याळाला विचारता ना? मग या, बसा पंगतीला. ग्लास पुढे करा.