वरणातले अपूर्णांक

गणित हे जीवनाचे सार आहे, हे सत्य तीन दिवसांच्या प्रशिक्षणात समजते. १९८४ साली मध्य प्रदेशातल्या सौंसरचे गुणवंता मास्तर ते समजून घेऊन आले. सोबत परिपत्रक होते: ‘स्वयंपाकघर ही गणिताची प्रयोगशाळा आहे. गृहिणीने प्रयोगात व्यत्यय आणू नये.’

प्रयोगाला मुलगी घरचीच होती. पुष्पा पाचवीत (तिकडे पाचवीलाही बोर्ड), परीक्षा दोन महिन्यांवर, आणि अपूर्णांक दिसला की तिला रडू फुटायचे. मास्तरांनी नियम केला: आधी उदाहरण, मग फोडणी. पहिल्या दिवशी भाकर फुटपट्टीने कापली. दुसऱ्या दिवशी मिठाचे त्रैराशिक सुटेपर्यंत वरण करपले. आठवड्याची प्रगती अशी: सोडवलेली उदाहरणे एकवीस, बरोबर दोन, करपलेली भांडी पाच (ही ‘साहित्य’ या रकान्यात दाखवली).

मास्तरांची बायको पंचफुला कधी शाळेत गेली नव्हती. त्यामुळे तिच्याकडे भांडी घासण्याचे काम सोपवले होते.

मग प्रयोग पाहायला शिक्षण खात्याचे साहेब आले. सोबत चार कर्मचारी, एक ड्रायव्हर. घरचे तिघे. मास्तरांनी पाटीवर नऊ माणसांच्या डाळीचे समीकरण मांडले. अर्धा तास झाला, चूल तशीच. पुष्पाचे डोळे भरून आले.

पंचफुला उठली. “सरका जी. मानसं नऊ. पन सायेब दोघांचं खाईन, डायवर तिघांचं.”

“म्हंजे बारा,” पुष्पा पुटपुटली.

“अन् तुह्या बाबाले सायेबासमोर लाज येते, थे अर्धंच खाईन. तू रडून राहिली, तुहं बी अर्धंच.”

पुष्पाने डोळे पुसले. “अर्धा अन् अर्धा एक... आई, अकराच मानसाचं टाक!”

पंचफुलाने तेवढेच टाकले. वरण पुरले, पातेल्यात थेंब उरला नाही. त्या दिवसापासून पुष्पा चुलीपाशी बसू लागली आणि बोर्डात तिचे सगळे अपूर्णांक बरोबर आले.

साहेबांनी अहवालात मास्तरांच्या पद्धतीची शिफारस केली. पंचफुलाचीही नोंद घेतली (निरक्षर, एक) आणि तिला प्रौढ वर्गात घातले. तिथे मास्तर तिला वीसपर्यंत अंक शिकवतात. ती ऐकून घेते.

वाचकांना हसू आले असेल, तर त्यांनी एक तोंडी उदाहरण सोडवावे: काल रात्री तुमच्या घरी सगळ्यांची जेवणे झाल्यावर शेवटी बसलेल्या बाईच्या ताटात किती पोळ्या होत्या? (स्वयंपाकघरात जाऊन विचारू नये. ती कॉपी धरली जाईल.)