राखणदाराचा परवाना

आधीच सांगून ठेवतो, माझा बेत चोख होता. पुढे जो घोळ झाला तो मी कायदा पाळायला गेलो म्हणून झाला. चोरून धंदा केला असता तर आज मी गोव्यात असतो!

आमच्याकडे बाव, म्हणजे विहीर, नवी खणली की पाणी लागल्यावर तिच्यात एक कासव सोडतात. ते किडेबिडे खाऊन पाणी साफ ठेवतं. सकाळी त्यानं वर येऊन तोंड दाखवलं की बायका समजतात पाणी चांगलं आहे. आमच्या बावीतलं कासव बाबांनी सोडलेलं. बाव त्यांनीच खणली, कासव धामापूरच्या तळ्याकडून आणलं, आणि पुढच्या पावसाळ्यात ते स्वतःच गेले. आई त्या कासवाला राखणदार म्हणते. तो दिसल्याशिवाय ती कळशी बुडवत नाही. कधी कधी त्याच्याशी बोलतेही, पण आजूबाजूला कोणी नाही असं तिला वाटतं तेव्हाच.

मी नववीत शाळा सोडली. एका जागी बसायला सांगितलं की मला बाकाखाली निखारे ठेवल्यासारखं होतं. मास्तर म्हणाले, परशुराम, तुझं नाव तेवढं हजेरीत असतं, तू नसतोस. मी म्हटलं, मग नावपण काढा. काढलं त्यांनी. माझा राग भडकायला एवढंच पुरतं.

पण डोळे माझे उघडे असतात. देवगडकडे आंब्याच्या बागांत नव्या बावी खणल्या जात होत्या आणि बागायतदार कासव कुठे मिळेल म्हणून विचारत फिरत होते. मी ठरवलं, आपण कासवांची पैदास करायची आणि विकायची. अंडी ती घालणार, उबवणार वाळू, मी फक्त बावीवर पाय सोडून बसणार. गाठीला चार पैसे आले की दादासारखा मीपण गाव सोडणार. दादा दोडामार्गाला रबराच्या बागेत गेला तो आता गणपतीलाच दिसतो. आईला यातलं मी काही बोललो नव्हतो.

माझा दोस्त शिवा म्हणाला, फॉरेस्टवाले धरतील. मी म्हटलं, म्हणून तर परवाना काढणार! चेकनाक्यावर मी कितीदा पाहिलं होतं, लाकडाचा ट्रक दिवस भरलेल्या बाईसारखा हलत हलत येतो, ड्रायव्हर कागद दाखवतो, की दांडा वर. मला तसा एक कागद पाहिजे होता.

धुतलेला शर्ट घालून मी फॉरेस्टच्या कचेरीत गेलो. तिथल्या क्लार्कनं माझं सगळं ऐकून घेतलं, पेन खाली ठेवलं आणि हसत विचारलं, "कासव आहे का तुझ्याकडे? का हवेतच पैदास करणार?"

झालं. माझं डोकं फिरलं.

"नाय कित्याक? आमच्या बावीत आसा! बाबांनी सोडललो!"

त्यानं हसणं थांबवलं आणि पेन उचललं. "कायदा यायच्या आधी सोडलेलं, की नंतर?"

त्याच्या चेहऱ्यावरून मला कळेना, कुठलं उत्तर चांगलं. आधी म्हटलं, तर तो म्हणाला, मग मुदतीत कळवायचं होतं, कळवलंत का? मी म्हटलं, नंतर असेल. तो म्हणाला, मग सोडलंच कसं? मी म्हटलं, मधेच कधीतरी. त्यानं तेही लिहून घेतलं. माझं नाव, गाव, वाडी विचारून त्याचा अर्ज केला आणि म्हणाला, आमचा माणूस येऊन बघून जाईल.

हे ऐकून मी उडत घरी आलो. सरकारी माणूस स्वतः बघायला येणार, म्हणजे परवाना मिळाल्यातच जमा! वाडीभर सांगत सुटलो. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण शेजारची शेवंती काकी म्हणाली, परवानो फक्त तुमच्याच कासवाक काय रे? मी मोठ्या मनानं सांगितलं, सगळ्यांनी या, सगळ्यांचं करून देतो.

गार्ड आला तेव्हा आमच्या खळ्यात जत्रा भरलेली. हरिश्चंद्र नाव त्याचं, अंगात खाकी, सायकलच्या कॅरिअरला ओलं गोणपाट. एका कासवासाठी एक गोणपाट असा त्याचा हिशेब होता. समोर बघतो तर अख्खी वाडी आपापल्या बावीतलं कासव काढून घेऊन उभी! कोणी बालदीत, कोणी टोपात, बाबलीनं तर तेलाच्या डब्यात आणलेलं. शेवंती काकीनं आपल्या कासवाच्या पाठीला हळदकुंकू लावलेलं. ती पुढे झाली.

"आमचाय लिवन घेवा, साहेबानू. रंग काळो, स्वभाव गरीब."

गार्डनं एकेका बालदीत वाकून पाहिलं. मग शुद्ध मराठीत त्यानं समजावलं, की परवाना वगैरे काही नाही, तो कासव जप्त करायला आलाय. असं रानातलं जनावर बाळगायचं नाही, विकायचं नाही. माझ्या अर्जामुळे कचेरीला कळलं. तसं कळलं नसतं.

सगळी वाडी माझ्याकडे बघायला लागली. मी तुळशीकडे बघायला लागलो.

जप्तीला पंच लागतात. त्यानं विचारलं, ज्याच्या घरी कासव नाही असे दोघं पुढे या. कोणी हललं नाही. शेवटी रस्त्यानं चाललेला एक पाववाला पकडला, तर त्याच्याही घरी बाव होती.

मग गार्ड म्हणाला, पंचांचं नंतर बघू, आधी अर्जातलं कासव बाहेर काढा. गार्डला स्वतःला पोहता येत नव्हतं. आमचा राखणदार तेवढा अजून बावीत होता, कारण आईनं त्याला काढायला साफ नकार दिला होता. मला म्हणाली होती, परवानो होयो तर साहेबान वाकून बघूचा. आता मीच खाली उतरलो.

आत गार होतं. वरची बडबड एकदम लांब गेली. राखणदार कपारीत बसलेला. मी हात घातला तरी पळाला नाही, नुसती मान आत घेतली. त्याच्या कवचाला एका बाजूला खाच आहे, ती मला पहिल्यांदाच दिसली. कळशीच्या काठानं पडली असणार. म्हणजे इतकी वर्षं आई कळशी सोडत होती तेव्हा तो तिथं जवळच येऊन थांबत होता. बाबांचा चेहरा मला आठवत नाही. पण त्यांनी ज्याला हातात धरून इथं आणलं त्याला मी आता हातात धरून वर नेत होतो, गोणपाटात घालायला. मी तिथं जरा जास्तच वेळ थांबलो. वरून शिवा ओरडला, मेल्या, बुडालंस काय?

मी वर आलो. आईनं माझ्याकडे पाहिलं, राखणदाराकडे पाहिलं. सकाळी भरलेली कळशी तिनं उचलली, सगळं पाणी तुळशीला ओतलं आणि रिकामी कळशी कमरेला लावून उताराला लागली. वहाळाकडे, ओढ्यावर. वाडीतल्या एकाही बावीत आता कासव नव्हतं ना! एक अर्ज काय केला, अख्ख्या वाडीचं पिण्याचं पाणी मी बंद केलं होतं.

गार्डवर ओरडायला मी तोंड उघडलं, पण आई चार पावलं जाऊन थांबली आणि वळली.

"तुमच्या घराकडे बाव आसा मां?" तिनं गार्डला विचारलं.

"आहे."

"मगे तिच्यात काय आसा?"

गार्डनं टोपी काढली. आतापर्यंत कचेरीसारखा बोलणारा माणूस खाली बघून म्हणाला, "आज्यान सोडललो आसा, वयनी. अजून वर येता."

आई पुढे गेली नाही. तिथंच कळशी धरून उभी राहिली.

मग तो आमच्या ओट्यावर बसला. त्यानं चहा घेतला, आईनं दिला म्हणून. बाकीची कासवं मी पाहिलीच नाहीत म्हणाला, ज्याची त्यानं घेऊन जा. पाववाल्याला सांगितलं, तू चाललेलास तिथं जा. आमच्या एकाचं मात्र कागदावर आलं होतं, ते त्याला पुसता येईना. कासव जप्त झालं, असं त्यानं लिहिलं. पण कचेरीत कासव ठेवायला जागा नाही, म्हणून पुढचा हुकूम येईपर्यंत ते अर्जदाराच्या ताब्यात, त्याच बावीत. पंच म्हणून आईनं अंगठा दिला, शिवानं सही केली. तेवढ्यापुरतं शिवाच्या बावीत कासव नसल्याचं ठरलं, आणि आईचं तर नुकतंच जप्त झालेलं.

माझी पण सही घेतली. शिक्का मारायला मीच दुसऱ्या दिवशी कचेरीत जायचं होतं. म्हणजे शिक्क्याचा कागद शेवटी मला मिळाला! त्यात लिहिलंय: कासव विकू नये, कोणास देऊ नये, हरवू नये, पैदास करू नये. मी विचारलं, हे त्याला कोण सांगणार? गार्ड म्हणाला, तूच. शिवाय कागदात होतं, कचेरी मागेल तेव्हा हजर करावं, कचेरीला कळवल्याशिवाय गाव सोडू नये.

"मी की कासव?" मी विचारलं.

"दोघांनी."

पुढचा हुकूम कधी येणार, असं विचारलं तर तो सायकलला टांग मारत म्हणाला, माझ्या आज्यान सोडललो अजून जिवंत आसा, एवढाच सांगतंय.

राखणदाराला मीच परत बावीत सोडलं. बऱ्याच वेळानं तो वर आला, आणि मग आईनं कळशी बुडवली.

पंधरवड्यानं शिवा गोव्याला कामाला गेला. मला चल म्हणत होता. मी म्हटलं, नाय रे, सरकारी काम आसा. आई आतून ऐकत होती. त्या दिवशी तिनं नारळाच्या गोड रसातले शिरवाळे केले, सण नसताना.

आता रोज सकाळी उठून मी बावीवर जातो. वाकून बघत बसतो, न हलता, कारण हललं की तो वर येत नाही. आई कळशी घेऊन शेजारी थांबते. आयुष्यभर हजेरीला दांडी मारलेला मी, आता हजेरी घेतो. एकाच विद्यार्थ्याची.

तो पण माझ्यावरच गेलाय. मनात आलं तर येतो.