सँडविचचा मूळ रहिवास

राज्याचे दोन तुकडे झाले, तेव्हा धरणं, बसगाड्या, कपाटं आणि कपाटांच्या हरवलेल्या किल्ल्यासुद्धा रीतसर वाटल्या गेल्या. हैदराबादच्या विश्वविहार उद्यानातलं एक सँडविच तेवढं वाटायचं राहिलं.

उद्यान सरकारी महामंडळाचं. त्यात सिमेंटचा पॅगोडा, पॅगोडात हॉटेल आणि हॉटेलात आचारी सूर्यभान. लांबडा पाव, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं गाजर-मुळा, कोथिंबीर, हिरवी मिरची आणि चिकन घालून तो ‘व्हिएतनामी पद्धतीचं सँडविच’ करी. महामंडळाचं परिपत्रक आलं : पदार्थ ज्या राज्याचा ठरेल, आचारीही त्याच राज्याचा. सँडविच तेलंगणाचं ठरलं तर सूर्यभान इथंच. आंध्रचं ठरलं तर आठ दिवसांत तिकडच्या उद्यानावर हजर. तिकडचं उद्यान म्हणजे तूर्त एक माळरान आणि एक पाटी. इकडे दिलसुखनगरच्या खोलीत त्याची म्हातारी आई विठाबाई. तिचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही लेकाच्या महामंडळी कार्डावर, आणि नेणारा तो एकटाच. परिपत्रकात विठाबाईसाठी रकाना नव्हता.

मंगळवारी सकाळी चव-निर्धारण समिती आली. अध्यक्ष सत्यवती मॅडम. आंध्रच्या बाजूनं हणमंतराव, तेलंगणाच्या बाजूनं भगवंतराव. पॅगोडाच्या दारातल्या बुद्धमूर्तीला भगवंतरावांनी चपला काढून, डोळे मिटून नमस्कार केला आणि मग पट्टा सैल करून बसले.

पहिल्याच घासाला हणमंतराव म्हणाले, “मिर्ची गुंटूर की है. सँडविच हमारा.”

“पाव आबिड्स का है, हैदराबाद का,” भगवंतराव म्हणाले. “मिर्ची तो मेहमान है.”

मॅडमनी टेप मागवली. सँडविच अकरा इंच भरलं. लोकसंख्येच्या प्रमाणात, अठ्ठावन्न-बेचाळीसवर, सुरी चालली. पण मुळा सगळा एकाच बाजूला गेला. हरकत नोंदवली. दुसरं मागवलं. त्यात चिकन सरकलं. तिसरं, चौथं... बारा सँडविचं संपल्यावर समितीनं एकमतानं शेरा मारला : नमुना तपासणीत खर्ची पडल्यामुळे निर्णय देता येत नाही, सबब आचाऱ्याचंच मूळ तपासावं.

“चार साल लगातार इस्कूल किधर पढे?” मॅडमनी विचारलं. माणूस कुठला, ते नियमात शाळेवरून ठरत होतं.

“देगलूर.”

“वो तो महाराष्ट्र है. तुम दोनों में नहीं आते.” मॅडमनी नियमावली उलटली. दोन्हीकडं न बसणारं पद रद्द करण्याची सोय त्यात होती.

“रद्द?” सूर्यभान म्हणाला. “बारा सँडविचं खाईपर्यंत तर होतो की मी!”

भगवंतराव खुर्चीतून उठलेच. “अरे, तुम्ही मराठी? देगलूरचे? आधी का नाही बोललात हो! आमचे आजोबा तिकडलेच. मॅडम, अपना आदमी है. मैं लिखके देताऊं ना, लोकल है बोलके!” तेराव्या सँडविचचा घास गालात, पेन हातात. “हां, बोला. नाव?”

“सूर्यभान नागोराव.”

“आडनाव?”

सूर्यभाननं सांगितलं.

पेन थांबलं. जबडाही थांबला. भगवंतरावांनी गालातला घास कागदी रुमालात उतरवला आणि रुमालाची नीट घडी घातली. “अरेच्चा, आज एकादशी! ध्यानातच नव्हतं.” तोवर चिकनची चार सँडविचं त्यांच्या पोटात एकादशी पाळत होती.

“साहेब, तो कागद?”

“नियम म्हणजे नियम. आपल्या माणसासाठी वाकवला, तर लोक काय म्हणतील?”

“मग पोटातली चार कोणत्या राज्याला जमा धरू?”

“तोंड सांभाळून बोल!”

पद दुपारीच रद्द झालं. कार्ड फाटकावर काढून घेतलं. विठाबाईची पाळी तीन वाजताची होती. दवाखान्याच्या खिडकीत सूर्यभाननं नाव सांगितलं, आणि कारकुनानं कार्डासाठी हात पुढे केला. तो हात बराच वेळ तसाच राहिला. मग खिडकी बंद झाली. नियमाप्रमाणे.

समितीच्या अहवालात सगळं आलं आहे, मुळ्याचं वजनसुद्धा. सूर्यभानचं आडनाव मात्र या गोष्टीत छापलेलं नाही. ते काय असेल, याचा अंदाज तुम्ही मघाशीच बांधून मोकळे झाला असाल, तर कळवा. समितीला चौथा सभासद हवाच आहे. अर्ज करताना स्वतःचं आडनाव ठळक अक्षरांत लिहावं.