आभाळधऱ्या टिटव्या आणि नसलेली ठमी

एका जंगलात, बाळांनो, आभाळ खाली पडत नसे.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, आमच्याकडेही पडत नाही. पण का पडत नाही, हे सांगता येईल का तुम्हाला? नाही ना? मग गप्प बसा आणि ऐका. त्या जंगलातल्या टिटव्यांना ते सांगता येत होतं.

नदीच्या वळणावर गोट्यांचा एक माळ होता. तिथं आभाळधरे पंथाच्या टिटव्या राहत. सूर्य बुडाला की सगळ्या टिटव्या उताण्या पडत, दोन्ही पाय वर करत आणि रात्रभर आभाळ धरून ठेवत. दिवसा ते कोण धरतं, असं एकदा एका कासवानं विचारलं होतं. दिवसा ते सूर्याला टांगलेलं असतं, असं त्याला सांगण्यात आलं. कासवाला ते पटलं. कासवांना बहुतेक गोष्टी पटतात.

पंथाचे प्रमुख होते उताणेबाबा. ते दिवसासुद्धा पाय खाली घेत नसत. त्यामुळे त्यांना चालता येत नसे, आणि चालता येत नसल्यामुळे त्यांना भरवावं लागे. नदीकाठचे सगळ्यांत गुबगुबीत किडे बाबांच्या चोचीत जात. बाबांचं पोट असं काही सुटलं होतं की पलीकडचे स्वतःचे पाय त्यांना दिसत नसत. मग ते अधूनमधून शिष्यांना विचारत, "पाय वर आहेत ना रे माझे?" शिष्य म्हणत, "आहेत, बाबा." मग बाबा निश्चिंत होऊन डोळे मिटून घेत.

ह्या माळावर ठमी नावाची एक टिटवी होती. तिच्या नवऱ्याचं नाव रावजी. दोघांचं चांगलं चाललं होतं, पण त्यांना पिल्लू नव्हतं.

आता अंडी उबवायची तर त्यांच्यावर बसावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि रात्री उताण्या पडलेल्या टिटवीला अंड्यांवर बसता येत नाही, हेही तुम्हाला कळतं. रात्री उकडत असलं तर अंडी आपली आपण तगत आणि पिल्लं बाहेर येत. ती बाबांची कृपा. रात्री गारठा पडला तर अंडी गार पडत. ती आईची श्रद्धा कमी. ठमीची श्रद्धा बरीच वर्षं कमी पडत आली होती.

त्या वर्षी ठमीनं चार अंडी घातली आणि चैत्रातच गारा कोसळल्या. रात्री माळावर थंडी वाजू लागली. ठमी पाय वर करून पडली होती. तिनं पंखानं अंडी चाचपून पाहिली.

"अहो," ती म्हणाली, "अंडी गार पडत चाललीत."

"पाय हलवू नकोस," रावजी म्हणाला. "तुझ्या बाजूनं आभाळ कलतंय."

ठमी थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग तिला राहवेना. ती कुशीवर वळली, उठली आणि सरळ अंड्यांवर जाऊन बसली. डोळे घट्ट मिटून तिनं आभाळ पडायची वाट पाहिली. ते पडेना. तिनं एक डोळा उघडला. चांदण्या जागच्या जागी होत्या. पोटाखाली अंड्यांनी हळूहळू ऊब धरली आणि ठमीला इतकं बरं वाटलं की ती रडली.

ठमी भोळी. तिला वाटलं, एवढी आनंदाची बातमी आहे, सगळ्यांना सांगावी. सकाळच्या सत्संगात ती उभी राहिली.

"बाबा, आभाळ आपलं आपण राहतं! मी काल पाहिलं. आता सगळ्या आयांना रात्री अंड्यांवर बसता येईल."

मग बाबांनी डोळे उघडले.

"तुझ्या वाटचं आभाळ काल कुणी पेललं, ठाऊक आहे? ह्या म्हाताऱ्या वेणूआत्यानं. बघ, बिचारी लंगडते आहे."

वेणूआत्या दिवाळीपासून लंगडत होती. तिला खेकडा चावला होता. पण बाबांनी नाव घेतल्यावर तिलाही आठवलं की लंगडणं कालच सुरू झालं.

"चुकलीस, हरकत नाही," बाबा प्रेमानं म्हणाले. "आभाळ थोडं खाली आलं होतं, एवढं कबूल कर. हातभर म्हण."

"नाही आलं, बाबा."

"बरं, वीतभर."

"नाही हो."

"चार बोटं तरी? तेवढ्यानं तुझं काय जातं?"

"खोटं कसं बोलू, बाबा? माझी अंडी ऊबदार आहेत."

मग बाबांनी ठमीला पुसायची आज्ञा केली. पुसणं म्हणजे असं: सगळ्या टिटव्या रांगेनं उभ्या राहिल्या, प्रत्येकीनं ठमीच्या दिशेनं हवेत एकदा पंख फिरवला, आणि ठमी संपली. आता ती कुणाला दिसायची नाही. ती बोलली तर ऐकू यायचं नाही. तिचं नाव घ्यायचं नाही. मुळात ती कधी नव्हतीच. आभाळधरे पंथ सोडून आजवर एकही टिटवी गेलेली नाही, ह्याचा बाबांना फार अभिमान होता. तो असा राखलेला होता.

पण त्यातून एक पंचाईत झाली. ठमी कधी नव्हतीच, तर अंडी कुणाची? पंथातल्या जाणत्यांनी दुपारभर खल केला आणि अंडी रावजीनं घातली असं ठरलं. टिटव्यानं अंडी घातल्याचा हा पहिलाच चमत्कार. वेणूआत्या लंगडत लंगडत त्याला भेटायला आली. ठमी शेजारीच अंड्यांवर बसलेली होती. आत्यानं तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत रावजीच्या पाठीवरून पंख फिरवला.

"फार त्रास झाला का रे?"

"थोडा," रावजी म्हणाला.

दुसरं काय म्हणणार? रावजी वाईट नव्हता. तो फक्त घाबरट होता, आणि घाबरट असणं त्या माळावर सद्गुणात मोडत असे. त्याचा ठमीवर जीव होता. पण तिच्याशी बोलायची सोय राहिली नव्हती. म्हणून तो शेजारच्या एका गोट्याशी बोलू लागला.

"गोट्या, कुणाला भूक लागली असेल तर पलीकडच्या ओल्या मातीत गांडुळं निघालीत."

"गोट्या," ठमी म्हणे, "एकाला सांग, तोंडाकडे बघून बोल म्हणावं."

रावजी नदीकडे बघत म्हणे, "गोट्या, ते तेवढं जमायचं नाही म्हणून सांग."

बाकीचं सगळं ठमीनं सोसलं. कुणी पाठ फिरवली, कुणी अंगावरून चालत गेलं, एकीनं तर तिला दगड समजून तिच्यावर चोच घासली. पण रावजीनं गोट्याकडे बघावं आणि आपल्याकडे बघू नये, हे तिला सोसवेना. त्यानं एकदा, फक्त एकदा, आपल्याकडे बघून "ठमे" म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी सगळ्या जंगलाला हा प्रकार कळला पाहिजे, असं तिनं ठरवलं. जंगलासमोर लाज वाटली की पुसणं थांबेल, असा तिचा हिशेब. भोळी होती, हे मी मघाशीच सांगितलं.

त्या जंगलात बातम्या सातभाई पसरवत. सातही पक्षी एकदम बोलत, म्हणून बातमी लवकर पसरे आणि कुणालाच नीट कळत नसे. ठमीचं ऐकून सातही जण हळहळले.

"पण आम्ही दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय कलकलाट करत नाही," थोरला म्हणाला.

तिन्हीसांजेला सातभाई माळावर आले. त्यांच्यामागून हरणं आली, रानडुक्कर आला, कासव तर दुपारीच निघालं होतं. टिटव्या नुकत्याच उताण्या पडल्या होत्या. अंडी अजून उन्हानं तापलेली होती, म्हणून ठमीही घटकाभर उठून आली.

"बाबा," थोरल्यानं विचारलं, "तुम्ही पंथ सोडणाऱ्याला पुसून टाकता, हे खरं का?"

"कुणाला पुसणार?" बाबा हसून म्हणाले. "आमच्यातून कुणी गेलंच नाही. ह्या सगळ्यांना विचारा."

"कुणी गेलं नाही," सगळ्या टिटव्या आभाळाकडे बघत म्हणाल्या.

ठमी बाबांच्या पोटावर चढून उभी राहिली.

"मग हे तुमच्या पोटावर कोण आहे?"

"वारा असेल. ह्या दिवसांत पोटावर वारा जाणवतो."

ठमीनं बाबांच्या चोचीतला किडा ओढून काढला आणि खाल्ला.

"आणि किडा कुठं गेला?"

"नैवेद्य पोचला," बाबा म्हणाले. पण त्यांना वाईट वाटलेलं दिसलं, कारण किडा गुबगुबीत होता.

आता ठमीला काय सुचलं कोण जाणे. ती पोटावरून पुढं गेली आणि तिनं बाबांच्या तळपायाला चोचीनं गुदगुल्या केल्या.

बाबांनी आधी ओठ आवळावेत तशी चोच आवळली. मग त्यांचं पोट हलायला लागलं. मग ते खो खो हसत सुटले. "आनंद! आनंदलहरी!" ते कसेबसे म्हणाले. हा नवीन विधी असावा असं समजून शिष्यही हसू लागले. आधी भक्तीनं हसले, मग त्यांना खरंच हसू आलं. टिटव्या हसता हसता गडाबडा लोळू लागल्या. बाबा कुशीवर वळले. साऱ्या माळावर एकही पाय वर राहिला नाही.

तेव्हा कुठं सगळ्यांच्या ते लक्षात आलं. हसू थांबलं. साऱ्या जंगलानं मान वर केली. कासवानं डोकं आत घेतलं.

आभाळ होतं तिथंच होतं. एक चांदणी नुकतीच उगवत होती.

आता पंथ संपला, असं ठमीला वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल. तुम्ही लहान आहात.

शिष्यांनी बाबांना पुन्हा उताणं केलं. बाबांनी घसा साफ केला. "पाहिलंत? पिढ्यान्‌पिढ्या आपण आभाळ इतकं घट्ट धरलं की आता क्षणभर सोडलं तरी जागचं हलत नाही. ही आपली पुण्याई."

टाळ्या पडल्या. हरणांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंथात यायला काय करावं लागतं, अशी रानडुकरानं चौकशी केली.

सातभाईंनी रात्र पडायच्या आत सगळीकडे कलकलाट केला. थोरला ओरडला, आभाळ घट्ट बसलं. मधले ओरडले, टिटवा अंडी घालतो. ठमीचं नाव कुणी घेतलं नाही. फक्त धाकटा सातभाई चिडला होता. तो झाडाझाडावरून ओरडत गेला, "टिटव्यांचा अन्याय ऐका! पंथ सोडला की ते तुमच्याकडे बघत नाहीत! तुम्ही रात्री काय करता ते विचारत नाहीत! त्यांच्या चोचीतलं खाल्लंत तरी हटकत नाहीत!"

धाकट्याच्या मते ही निंदा होती. माळावरच्या आया मात्र अंगाशेजारी गार पडू लागलेली अंडी घेऊन ती फार लक्ष देऊन ऐकत होत्या.

ठमी जाऊन अंड्यांवर बसली. तिचा धीर सुटला होता. शेजारी रावजी पाय वर करून पडला होता.

"गोट्या," बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मघाशी माझेही पाय खाली होते."

ठमीनं पंखानं अंडी पोटाखाली नीट ओढून घेतली.

"गोट्या, मला वाटलं होतं, पडेल."

तेवढ्यात ठमीच्या पोटाखाली टक्‌ टक्‌ झालं. एक अंडं फुटलं. एक ओलं, लटपटतं पिल्लू बाहेर आलं आणि ठमीच्या छातीला बिलगलं.

"आई," ते म्हणालं.

रावजी सवयीनं म्हणाला, "तिथं कुणी नाही, बाळ."

पिल्लानं ठमीकडे नीट पाहिलं. मग रावजीकडे पाहिलं. ह्याला बरं नाही, असं त्याला वाटलं असावं. "मग ही कोण?" त्यानं विचारलं.

रावजीनं गोट्याकडे पाहिलं. पण पिल्लासमोर त्याला गोट्याशी बोलायची लाज वाटली. मग त्याचे वर केलेले पाय हळूच खाली आले, तो उठून बसला आणि त्यानं ठमीकडे पाहिलं.

"ही ठमी," तो म्हणाला. "ठमे, किती वाळलीस ग."

सकाळी रावजीला पुसलं. त्याच सकाळी वेणूआत्याच्या सुनेनं हात जोडून विनंती केली, मलाही पुसा. मग तिच्या जावेनं केली, मग एकेक करून साऱ्या माळानं. बाबा उदार मनानं पुसत गेले. शेवटी वेणूआत्या स्वतः आली आणि नातवंडांना ऊब द्यायला कुणी म्हातारं माणूस लागतं म्हणाली. तिच्यासाठी पंख फिरवायला कुणी उरलं नव्हतं, तेव्हा तिनं स्वतःच स्वतःला पुसून घेतलं. रानडुक्कर पंथात दोनच दिवस टिकला. त्याला उताणं झोपलं की घोरायला होई.

आता त्या माळावर पिल्लांचा नुसता कालवा असतो. मधोमध बाबा एकटे पडलेले असतात. पंथ सोडून आजवर कुणी गेलेलं नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि त्यांच्या बाजूनं ते खरंच आहे. रोज सकाळी ठमी त्यांच्या चोचीत एक किडा ठेवते. वाऱ्यानं आणला, असं बाबा म्हणतात. आणि संध्याकाळी ते हाक मारतात, "पाय वर आहेत ना रे माझे?"

पाय केव्हाच खाली आलेले असतात. म्हातारपण आहे.

"आहेत, बाबा," ठमी म्हणते.

बाबांना ते ऐकू येत नाही. पण ते निश्चिंत होऊन डोळे मिटून घेतात.

तात्पर्य: बाळांनो, आपला पंथ सोडून कधी जाऊ नये. सोडून गेलेल्या कुणाचं भलं झालेलं पंथात आजवर कुणीही पाहिलेलं नाही.