शून्य अपघातांचं स्वयंपाकघर

अपघात झाला की नाही हे होण्यावर नव्हे, लिहिण्यावर ठरतं. जगातल्या सर्व प्रगत कारखान्यांनी हे सत्य फार पूर्वी ओळखलं. घरांनी अजून ओळखलेलं नाही, आणि म्हणूनच घरांत एवढे अपघात होतात.

एका घराने मात्र ते ओळखलं होतं. त्या घरातले सासरे एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते आणि त्यांच्या कारकिर्दीत तिथे सलग अकरा वर्षं एकही अपघात झाला नाही. (दोन बोटं आणि एक कानाचा पडदा गेला, पण ते दुसऱ्या दिवशी कामावर हजर होते. बोटं नव्हे, बोटांचे मालक.) जो उठून कामाला लागला त्याला अपघात झाला असं म्हणता येत नाही, ही व्याख्या त्यांनीच करून दिली होती. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना घड्याळ देऊ केलं. त्यांनी त्याऐवजी फाटकावरचा फळा मागून घेतला. आता तो स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर टांगलेला होता. हिरव्या रंगात ‘अपघातविरहित दिवस’, आणि खाली चार खिळ्यांवर अडकवायचे पत्र्याचे आकडे. रोज सकाळी चहाच्या आधी सासरे स्टुलावर चढून आकडा एकने वाढवत. स्टूल एका पायाने लंगडं होतं, पण ते फळ्याच्या कार्यक्षेत्रात येत नव्हतं.

सून या घरात आली तेव्हा फळ्यावर १७०२ होते. सासूबाईंनी तिला स्वयंपाकघर दाखवलं. डबे कुठे, चाळणी कुठे, आणि करंट कुठे.

“मिक्सर जरासाच देतो. टोस्टर फक्त डाव्या बाजूने. किटली स्वभावाने चांगली आहे, पण पाणी उकळीला आलं की चिडते. इस्त्री तुझ्या नवऱ्याला देते, मला नाही देत.”

शॉक हा शब्द त्या घरात वापरत नसत. ‘झिणझिण’ म्हणत. झिणझिण ही हवापाण्यासारखी गोष्ट असून तिच्याशी जुळवून घ्यायचं असतं. त्यासाठी ओट्याखाली रबरी चपलांचा एक जोड होता (सामाईक, माप नऊ), बटण बंद करायला लाकडी उलथनं होतं आणि एक फडकं होतं, जे कोरडं असणं अपेक्षित होतं. नवऱ्याने तिला कुठलीही वस्तू आधी बोटांच्या उलट्या बाजूने चाचपायला शिकवलं. लग्नानंतर त्याने प्रेमाने शिकवलेली ती पहिली गोष्ट. पाहुण्यांनी मदतीला आत यायचं नाही, हा नियम सासूबाईंनी आदरातिथ्य म्हणून प्रसिद्ध केला होता.

झिणझिणीचं मूळ शोधायला फार खोल जावं लागत नव्हतं. या सगळ्या वस्तूंच्या प्लगला पिना तीन, आणि ओट्यावरच्या जुन्या बोर्डाला भोकं दोन. विचारी माणसापुढे अशा वेळी दोन मार्ग असतात. बोर्ड बदलायचा तर भिंत फोडावी लागते. पिनेला करवतीचं पातं पुरतं. त्यामुळे नवी वस्तू खोक्यातून निघाली की हमीपत्र कपाटात आणि तिसरी पिन करवतीखाली, हा क्रम ठरलेला. सर्वांत जाड असतो तोच काही काम करत नाही, हा सासऱ्यांचा कारखान्यातला अनुभव होता.

“बाबा, ती अर्थिंगची पिन असते,” सून एकदा म्हणाली. कॉलेजात शिकलेली असल्याने तिला अशा गोष्टी माहीत असत आणि त्यांचा त्रासही होई.

“अगं, अर्थिंग पूर्वी लागायचं,” सासरे समजुतीने म्हणाले. “आता वस्तूच चांगल्या येतात.”

मग बाळ झालं, आणि तिची झोप उडाली. तिने टेबलाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला, कपाटांच्या मुठी दोरीने बांधल्या, खिडकीला जाळी मारून घेतली. सासऱ्यांनी जाळी ओढून पाहिली आणि तिला शाबासकी दिली. “तू माझ्या खात्यात हवी होतीस,” ते म्हणाले. किटलीचा विषय निघाला की मात्र ते फळ्याकडे बोट दाखवत. आकड्याशी कोण वाद घालणार?

बाळ दहा महिन्यांचं असताना, फळ्यावर २६८८ असलेल्या सकाळी, ती बाळाला कडेवर घेऊन ओट्यापाशी उभी होती. नियमांचं पूर्ण पालन झालं होतं. पायात चपला होत्या, हात कोरडा होता. तिने किटलीला हात लावला त्याच क्षणी बाळाने वाहत्या पाण्यासाठी वाकून नळ धरला.

बाळाचा हात झटक्याने मागे आला. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. तिच्या चार श्वासांइतका वेळ आवाज आला नाही. मग आला, आणि वीस मिनिटं थांबला नाही.

त्याच संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर चौकशी समिती बसली. अध्यक्ष सासरे, सदस्य नवरा, निरीक्षक म्हणून सासूबाई. सुनेला साक्षीदार करण्यात आलं, पण ती एका बाजूची असल्याने तिची साक्ष जपून वापरावी असं ठरलं. निष्कर्ष पुढीलप्रमाणे: बाळ रडलं हे मान्य. तथापि बाळाला दात येत आहेत. नळाचं पाणी गार होतं. किटली चालू स्थितीत आहे. बाळ दुपारी नेहमीप्रमाणे खेळलं, म्हणजेच कामावर रुजू झालं. सबब, अपघात झालेला नाही.

“तू फार मनाला लावून घेतेस गं,” नवरा म्हणाला. “आम्ही दोघं भाऊ याच घरात वाढलो ना?” (धाकटा भाऊ दुसऱ्या गावी राहतो. सुट्टीला आला तरी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही.)

दुसऱ्या दिवशी फळ्यावर २६८९ झाले.

सुनेने किटली पिशवीत घातली आणि दुरुस्तीवाल्याकडे गेली. अरुंद दुकान, पोट उघडे टाकलेले मिक्सर रांगेने मांडलेले. त्याने किटलीकडे पाहिलंच नाही, आधी प्लग हातात घेतला.

“ताई, ही पिन कुणी कापली?”

“घरच्यांनी.”

“हं. काय झालं नेमकं?”

तिने सांगितलं. तो ऐकत ऐकत स्क्रू काढत होता.

“पायात चप्पल होती?”

“होती ना,” ती म्हणाली. निदान एवढं तरी आपलं बरोबर होतं, असं तिला वाटलं.

“म्हणून तर. अनवाणी असता तर थोडाफार तुमच्यातून जमिनीत गेला असता. चपलेने तुमची वाट बंद केली. मग उरली कुठली? बाळ आणि नळ.”

ती स्टुलावर बसली. त्याने पाण्याची बाटली पुढे केली.

“कॉइल बदलून देतो,” तो म्हणाला. “पण नुसती पिन बसवून भागणार नाही. बोर्डाला तिसरं भोक पाहिजे आणि भोकामागे जमिनीत जाणारी तार पाहिजे. नाहीतर ते भोक शोभेचं. शिवाय मेनला एक ट्रिपर टाका, करंट कुठे गळला की आपोआप बंद पडतो. दिवसाभराचं काम आहे.”

“उद्या या ना.”

“काकांनी बोलावलं तर येईन. मागे आलो होतो. त्यांनी मला फळा दाखवला, चहा पाजला आणि परत पाठवलं.”

त्या संध्याकाळपासून बाळाला स्वयंपाकघरात प्रवेश बंद झाला. दुसऱ्या दिवशी सासरे स्टुलावर चढायच्या आत सुनेने फळ्यावरचे चारही आकडे उतरवले आणि एक शून्य अडकवलं.

“हे कुणी केलं?”

“मी, बाबा. सकाळी टोस्टरने दिला.”

“दिला म्हणजे? पडलीस का?”

“नाही.”

“काम थांबलं? रजा घेतलीस?”

“मला रजा कोण देणार आहे?”

सासऱ्यांनी २६९० लावले. दुपारी मिक्सरने दिला, तिने शून्य लावलं. संध्याकाळी २६९०, रात्रीच्या भांड्यांच्या वेळी शून्य. आठवड्याभरात फळा सतरा वेळा बदलला गेला. एवढा अचूक तो कारखान्याच्या फाटकावर असताना कधीच नव्हता. चौथ्या दिवशी तर शून्य सासूबाईंनी लावलं.

“मला इस्त्रीने दिला,” त्या म्हणाल्या.

“तुला ती देत नाही ना?” सासऱ्यांनी विचारलं.

“पहिल्यापासून देते. तुमचा आकडा मोडू नये म्हणून बोलले नव्हते.”

यावर समिती बसली नाही, कारण सदस्य कामावर गेला होता आणि निरीक्षक फुटला होता.

रविवारी कारखान्यातले तीन निवृत्त अधिकारी चहाला आले. सवयीने तिघांची नजर आधी स्वयंपाकघराच्या दारातून फळ्यावर गेली. तिथे शून्य होतं. त्यातल्या एकाने सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, “कोण?”

“कोणी नाही हो,” सासरे घाईने म्हणाले. “दुरुस्ती चालू आहे.”

सासऱ्यांच्या तोंडून निघालेलं विधान खोटं ठरू देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पाहुण्यांचे कप उचलायच्या आत त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन केला. नातवाच्या हाताला जे जमलं नव्हतं, ते एका पत्र्याच्या शून्याने केलं.

भिंत फुटली, तार आली, पिना परतल्या. पहिल्याच दिवशी ट्रिपर अकरा वेळा पडला आणि दर वेळी एकेक वस्तू दोषी निघाली. सासरे त्याच्यावर अजून नाराज आहेत. एवढ्याशा गोष्टीची वर तक्रार करणारा माणूस कारखान्यात टिकला नसता, असं ते म्हणतात. फळ्यावर सध्या ४१ आहेत, आणि बाळ पुन्हा स्वयंपाकघरात रांगतं.

सुनेने ही हकिकत आतापर्यंत एकोणीस जणांना सांगितली आहे. त्यात तिची आई आहे, दोन मैत्रिणी आहेत, बाळाचे डॉक्टर आहेत आणि वरच्या मजल्यावरचं सगळं कुटुंब आहे. एकोणीसच्या एकोणीस जणांनी तिला मध्येच तोडून एकच विचारलं, “बाळाला काही झालं नाही ना?” नाही, असं कळल्यावर सगळ्यांनी सुस्कारा सोडला, बाळाचा गालगुच्चा घेतला आणि दुसरा विषय काढला. घरी जाऊन आपल्या प्लगच्या पिना मोजल्याचं एकानेही कळवलेलं नाही.

विसाव्या माणसाने उगाच उठायची तसदी घेऊ नये. बाळ ठणठणीत आहे, काल धरून धरून दोन पावलं चाललं. हे वाचून आपल्याला हायसं वाटलं असेल, तर आपली नोंद झाली आहे.